दाखवायचं घर

स्वस्तराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विकास कार्यालयातल्या टवाळांनी ठेवलेलं, आणि त्यानेही ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलेलं. काम ड्रायव्हरचं. महागड्या शहरांतून बस्तान हलवू पाहणाऱ्या कंपन्यांची माणसं विमानतळावरून उचलायची आणि हे गाव कसं स्वस्त, कसं झपाट्याने वाढतंय, ते दाखवत फिरवायचं.

वाट ठरलेली. खड्डे नसलेला रस्ता एकच होता, त्यामुळे ठरवायला फार डोकं लागलं नव्हतं. आधी रिकामे प्लॉट, मग शाळा, मग दवाखान्याची फक्त पुढची बाजू, आणि शेवटी हुकमाचं पान म्हणजे स्वस्तरावाचं स्वतःचं घर. ही कल्पना कार्यालयाच्या साहेबांची. "आकडे कोणीही दाखवतं, आपण माणूस दाखवू," असं ते म्हणाले, आणि माणूस म्हणून हाताशी ड्रायव्हरच होता.

मग काय, महिन्यातून दोन-तीनदा त्या दोन खोल्यांत कोटवाल्या पाहुण्यांची दाटी. बायको नळ सोडून दाखवायची, दोन्ही खिडक्या उघडून वारा दाखवायची, चहा द्यायची. म्हातारी आई पलंगावर बसून सगळ्यांकडे बघून हसायची. गुडघे गेल्यापासून तिला तेवढंच काम जमत होतं. शेवटी साहेब सहज आठवल्यासारखं विचारायचे, "वहिनी, भाडं किती म्हणालात?" वहिनी आकडा सांगायच्या. पाहुणे एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "एवढंच?"

त्या एका शब्दावर स्वस्तरावाचं पोट भरायचं. साऱ्या गावाचं भाडं जसं काही यानेच घासाघीस करून खाली आणलं होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा आणि त्याचे कान शाबूत होते. नऊ वर्षं तो जिन्यात उभा राहून "एवढंच?" ऐकत होता. तोही माणूसच. हळूहळू त्यालाही वाटायला लागलं की खरंच, एवढंच?

कंपन्या आल्या. त्यांच्यामागून माणसं आली, माणसांमागून काचेची दुकानं आली, आणि केस कापून घ्यायलाही आधी फोन करून वेळ घ्यावी लागायला लागली. कार्यालयाच्या भिंतीवरचा प्रगतीचा आलेख छताला टेकला तेव्हा साहेबांनी तो पुढे छतावर काढून घेतला. घरमालकाने पहिल्यांदा भाडं वाढवलं, तेव्हा स्वस्तराव कार्यालयात जाऊन कौतुकाने म्हणाला, "गाव वाढतंय, साहेब." दुसऱ्यांदा वाढवलं तेव्हा त्याने पैसे दोनदा मोजून दिले. तिसऱ्या खेपेला घरमालक खाली आला आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला.

"तुम्हाला काढायचं माझ्या मनात नाही हो," तो म्हणाला. "पण त्या कंपनीतले एकजण येऊन गेले. दुप्पट देतो म्हणतात. घर त्यांनी आधीच पाहिलंय म्हणे. नळसुद्धा पाहिलाय."

बघितलेलाच असणार. दाखवला कोणी होता?

मग सुरू झाली वणवण. आईला जिना चढवेना, म्हणून घर तळमजल्यावरच हवं, आणि तळमजल्यांवर तर सगळीकडे काचेची दुकानं. शेवटी चाळीस किलोमीटरवर, जिथून बस परत वळते त्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. भाडं जुन्या घराचं पूर्वी होतं तेवढंच. मालकीणबाई शेजारीच राहायच्या, भल्या होत्या. पण आईने आपली पत्र्याची पेटी काही रिकामी केली नाही. रोजचे कपडे पेटीतून काढायचे, धुऊन पुन्हा पेटीत. "आता पुन्हा हलायचं झालं तर मला इथेच ठेवून जा," असं तिने एकदा शांतपणे सांगितलं. आठ महिन्यांनी, मागच्या आठवड्यात, तिने कपडे फळीवर मांडले आणि रिकामी पेटी पलंगाखाली सरकवायला सांगितली. त्या दिवशी त्याने मनाशी पक्कं केलं की या घराचं भाडं उभ्या जन्मात कोणाला सांगायचं नाही.

आणि नेमकं आज, सगळ्यात आधी आलेल्या कंपनीचे मोठे साहेब मागच्या सीटवरून म्हणाले, "हे गाव आता परवडत नाही हो. दुसरीकडे हलायचं बघतोय. तुम्ही कुठे राहता?"

"लांब, साहेब. जागेत काही राम नाही. पाणी दिवसाआड. साप निघतात."

"आणि भाडं?"

"विचारू नका. लुटतात अगदी."

नऊ वर्षं गावाचं गुणगान गाणाऱ्या त्या तोंडातून हे असं सरळ बाहेर पडलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. विषय संपला. संध्याकाळी स्वस्तराव बसमधून शीळ घालत उतरला.

गल्लीच्या तोंडाशी कार्यालयाची दुसरी गाडी उभी होती. ती बघून तो घराकडे धावत सुटला.

नवे पाहुणे अजून येतच होते आणि गावात दाखवायला स्वस्त असं काही उरलं नव्हतं, म्हणून साहेबांनी सकाळी परस्पर वहिनींना फोन केला होता. स्वस्तरावाने साऱ्या जगापुढे तोंड सांभाळलं, बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं. तिला बिचारीला सांगायची गरज आहे, हेच मुळी त्याच्या डोक्यात आलं नाही. आठ महिन्यांत तिच्या चहाला कोणी चांगला म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा कसा फुलला होता.

नळ धो धो वाहत होता. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. मालकीणबाई शेजारधर्म म्हणून आपल्या घरातल्या खुर्च्या आणून देत होत्या, तिसरी खुर्ची घेऊन दारात उभ्या होत्या. साहेबांनी सहज आठवल्यासारखं विचारलं, आणि बायकोने आकडा सांगितला.

"एवढंच?" पाहुणे म्हणाले.

मालकीणबाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. आपलीच खोली पहिल्यांदा बघत असल्यासारख्या त्या भिंतींवरून नजर फिरवायला लागल्या.

"इथे साप निघतात," स्वस्तराव दारातून म्हणाला. पाहुण्यांना ती गंमत वाटली, ते मनापासून हसले.

पलंगावरची आई या खेपेला हसली नाही. ती गुडघे धरत हळूहळू खाली उतरली, वाकली आणि पेटी बाहेर ओढायला लागली.