इन्सुलिन ओळखणाऱ्या पेशी आणि आमचे घरमालक

आमच्या घरमालकांइतका काटेकोर माणूस अख्ख्या म्हैसूरात सापडायचा नाही, आणि त्या काटेकोरपणाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतकं जेरीस आणणाराही दुसरा सापडायचा नाही. जंतूंशी लढण्यासाठी शरीरात ज्या पेशी असतात, त्या काहीजणांच्या बाबतीत स्वतःच्याच इन्सुलिनवर का उलटतात, या एका प्रश्नाचा त्यांनी प्रयोगशाळेत चाळीस वर्षं पिच्छा पुरवला. ते निवृत्त झाले, तिथले उंदीर सुटले आणि आम्ही भाडेकरू सापडलो. त्यांचं घराणं म्हैसूरात कधी आलं हे त्यांनाही धड सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत निघून कुठल्या वळणावर कन्नडात शिरेल याचा नेम नाही. मी साताऱ्याची, नोकरीपायी इथे आलेली. पहिले सहा महिने मी त्यांच्या बोलण्यावर नुसती मान डोलावत होते, आणि त्यांना वाटायचं, बाईंना सगळं पटतं.

प्रयोगशाळेतली एक सवय मात्र त्यांनी घरी आणली होती. घरातल्या प्रत्येक वस्तूला कागदी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर तारीख घालायची. लोणच्याच्या बरणीचं मी समजू शकते, पण नारळाला? पायपुसण्याला? एकदा मी खालच्या कुंडीतला कढीपत्ता न विचारता तोडला, तर संध्याकाळी कुंडीवर नवी पट्टी: ‘चार काड्या कमी’. मी तणतणत जिना उतरले. “काका, कढीपत्त्यावरून आता पंचनामा करणार का?” ते बिचारे गडबडले. “अय्यो, तुम्हांला काही म्हटलं नाही बाई! नोंद हो. सुम्ने नोंद.” सुम्ने म्हणजे उगीच, सहज. आतून काकूंचा आवाज आला, “मला लग्नात पट्टी लावली नाही, हेच माझं नशीब म्हणायचं!” अशा माणसावर रागावायचं तरी किती वेळ?

माझ्या लेकीला, इराला, नवव्या वर्षी मधुमेह निघाला. लहान मुलांना होतो तो, टाइप वन, जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यायला लावणारा. दवाखान्यातून घरी आलो त्याच सकाळी समोरच्या बाई फाटकाशी आल्या. “दसऱ्याला म्हैसूरपाक खाऊ दिलात ना हवा तेवढा?” एरवी मी असल्या बोलण्याला जागच्या जागी उत्तर देते, पण त्या दिवशी मी मान खाली घातली. कारण तेच माझ्याही मनात होतं. रात्रंदिवस तेच. काका कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली आणि त्या बाईंना तिथेच उन्हात उभं करून अर्धा तास शिकवलं. गोडाचा या आजाराशी काही संबंध नाही, दोन निराळ्या आजारांना एकच नाव ठेवलं तो लोकांचा मूर्खपणा, असं सगळं. बाई “हौदु, हौदु”, म्हणजे हो, हो म्हणत मागे सरकत होत्या आणि काका पुढे. त्यानंतर कितीतरी दिवस त्या फाटकाकडे फिरकल्या नाहीत.

काकांचं आणखी एक ब्रीद होतं: मुलांना खोट्या गोष्टी सांगायच्या नाहीत. राक्षस नाही, साखरेचा भुंगा नाही, जे आहे तेच सांगायचं. इरा त्यांना ताता म्हणायची, इथे आजोबांना म्हणतात तसं, आणि ते तिला पुट्टी, म्हणजे छोटी. दहावं लागल्यावर तिने एकदा विचारलं, “ताता, मलाच का झालं?” तर त्यांनी तिची रंगीत मण्यांची माळ मागून घेतली आणि ती चष्म्याच्या उघड्या घरात लांब करून ठेवली. “हा इन्सुलिनचा तुकडा, पुट्टी. पेशी तो अशा खाचेत ठेवून दाखवतात. वर दिसतात तेवढेच मणी ओळखायचे. छातीत एक शाळा असते. तिथे लढणाऱ्या पेशींना आपल्याच शरीराचे नमुने दाखवतात. जी नमुन्यावर धावून जाते, ती नापास, तिला तिथेच संपवतात.” मग त्यांनी माळ एक मणी सरकवली. “आता बघ. माळ तीच, पण वरचे मणी बदलले, अल्वा, हो ना? असा सरकलेला तुकडा खाचेत नीट टिकत नाही, म्हणून शाळेत तो फारसा दिसतच नाही. त्याला ओळखणारी पेशी पास होऊन बाहेर पडते. मग पोटात जिथे इन्सुलिन बनतं, तिथे तो तिला ढिगाने दिसतो. की ती तुटून पडते.” इरा डोळे मोठे करून ऐकत होती. मी दारात उभी राहून मनात म्हटलं, माझ्या पोरीला एवढं समजावणारं कोणी भेटलं हे भाग्यच.

त्यानंतर आठवड्याने शाळेला सुट्टी लागली आणि इरा म्हणाली, “आई, इंजेक्शन आता माझं मी घेणार.” मला कोण कौतुक! मी साताऱ्याला फोन करून सगळ्यांना सांगितलं. दोन दिवस ती इन्सुलिनचं पेन घेऊन न्हाणीघरात जायची आणि हसत बाहेर यायची. साखर चढत होती. मी म्हटलं, सर्दी झालीय, त्यानेच असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल खोल जायला लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास. काकांनीच गाडी काढली.

पोर वाचली. दोन दिवसांनी सलाइन काढलं, खायला परवानगी मिळाली आणि नर्सने पेन पुढे केलं, तर इराने हात पाठीमागे घेतले. “नको. त्या आणखी चिडतील.” कोण चिडतील? “माझ्या पेशी. त्यांना इन्सुलिन दिसलं की त्या तुटून पडतात. ताताच म्हणाले. म्हणून मी ते बेसिनमध्ये सोडलं. त्यांना दिसलंच नाही तर त्या शांत बसतील ना?”

काका खोलीच्या दाराशीच होते. माझा संताप असा उसळला की मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, “ऐकलंत? शिकवा अजून!” काका पलंगाजवळ येऊन स्टुलावर बसले. शर्टाची बटणं चुकीची लागली होती.

“पुट्टी, तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. मी अर्धंच सांगितलं, आणि तुला काय समजलं ते विचारलं नाही.” ते हळूहळू बोलत होते, पहिल्यांदाच निव्वळ मराठीत. “त्या पेशी इन्सुलिनला मारत नाहीत. ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्यांच्या दारावर तो तुकडा लागलेला असतो. त्यावरून घर ओळखतात आणि घर पाडतात. पेनातल्या इन्सुलिनला घर नसतं. ते नुसतं कामाला येतं.”

“मग मी घेतलं नाही तर घरं वाचतील?”

“नाही. घेतलंस तरी त्या पाडणार, नाही घेतलंस तरी पाडणार. पण नाही घेतलंस तर तू वाचणार नाहीस.”

दहा वर्षांच्या मुलीला असं सांगतात? मी पुढे झालेच होते. पण इरा रडली नाही. ती विचार करत होती.

“म्हणजे म्हैसूरपाकाने नाही झालं?”

“नाही. तू काही केलं नाहीस. तुझ्या आईनेही काही केलेलं नाही.”

आमच्यापैकी कोणीच हा प्रश्न वर्षभरात तोंडातून काढला नव्हता. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पदर तोंडाशी धरून रडले. आवाज होऊ नये म्हणून धडपडत होते, पण झालाच.

इराने नर्सकडून पेन घेतलं, आकडा लावला, फ्रॉक वर केला. “ताता, टोचल्यावर दहा मोजायचे असतात. तुम्ही मोजा.”

“ओंदु,” काका म्हणाले. “एरडु. मूरु.” आयुष्यभर त्यांनी उंदरांना हजारदा टोचलं असेल, पण आता सुई टेकताच त्यांनी डोळे मिटून घेतले. एंटु. ओंबत्तु. हत्तु. दहा झाले. इराने सुई काढली. काका थांबले नाहीत. हन्नोंदु, हन्नेरडु… डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि माणूस आपला मोजतोय.

मी त्यांना थांबवणार होते. इराने मला बोटाने गप्प केलं, पेनाला टोपण लावलं, आणि त्यांना मोजू दिलं.