पेटारे उघडायला लावणारी सुंदरा

कळंबच्या सुंदरा सुईणीचा एक दंडक होता. बाई बाळंत व्हायला बसली, की घरातली गाठ न् गाठ सुटली पाहिजे. कुलपं, कड्या, पेटाऱ्याच्या दोऱ्या, कणगीचं झाकण, गुरांची दावीसुद्धा. घरात काही बांधलेलं राहिलं तर कूसही बांधलेली राहते, असं तिची सासू तिला सांगून गेली होती. येसाजी पाटलाच्या सुनेच्या वेळी तर तिनं खुद्द पाटलाला शेंडीची गाठ सोडायला लावली. पाटील मोकळ्या शेंडीनं ओटीवर बसून राहिले. हसायची छाती कुणाची?

आता अशा बाईला काय ठाऊक नसणार? कुणाच्या पेटाऱ्यात काय, हे घरधन्याइतकंच तिला माहीत. पण ओठाबाहेर अवाक्षर नाही. दिसलं ते बाळाच्या वारेबरोबर पुरायचं, म्हणायची.

त्या साली घाटाच्या अंगाला दरोडे वाढले. कुंभिवलीजवळ गाड्या लुटल्या, त्यात सुंदरेचा भाऊ सदू डोक्यात घाव बसून अंथरुणाला खिळला. परवान्यावाचून हत्यार बाळगायचं नाही, असा सरकारी हुकूम होताच. खालापूरचा मोहियुद्दीन जमादार सुंदरेकडे आला. माणूस वाईट नव्हता, दरोड्यांपायी त्याचीही झोप उडालेली. त्यानं तिला समजावलं, की बाकी काही सांगू नकोस, पण कुणाच्या घरात हत्यार दिसलं तर तेवढं कळव. सदूसारखं आणखी कुणाचं होऊ नये.

सुंदरेला पटलं. न पटायला काय झालं, भाऊ डोळ्यांसमोर पडलेला. तेवढंच सांगायचं आणि बाकीचं पोटात ठेवायचं, हे आपल्याला जमेल असं तिला वाटलं. इथंच ती चुकली.

गावातल्या धाकलूची बायको बाळंत होताना त्याच्या कणगीत तिला तलवार दिसली, तिनं कळवलं. तलवार त्याच्या आज्याची, दसऱ्याला पुजायची. दरोड्याशी धाकलूचा काडीचा संबंध नव्हता. पण शिपायांनी अख्खं घर अंगणात ओतलं, बाळंतिणीची बाजसुद्धा उचलली, आणि धाकलूला बेडी घालून नेलं. तो सुटून आला, पण मान वर करून चालेना.

गावाला कळायला कितीसा वेळ? पुढं जना अडली तेव्हा सुंदरेला बोलावणं आलं खरं, पण घरातले पेटारे बंदच. जनाची सासू अंबाबाई माजघराच्या दारात आडवी उभी.

“नाय उघडायची,” ती म्हणाली. “तुझे डोळे आता तुझे नायत गं. ते जमादाराचे हायत.”

आत जना कण्हत होती. सुंदरेनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. गाठ मारायची सोय नव्हती, म्हणून हातानंच घट्ट धरला. दुसरा हात पुढं केला.

“आता उघडा समदं. मला धरून जनापाशी न्या. तितं तेवढा पदर काढते.”

जना सुखरूप सुटली. तेव्हापासून सुंदरा प्रत्येक उंबऱ्यावर पदर ओढूनच आत शिरे.

जमादार चिडला. म्हणाला, उद्या अशाच एखाद्या घरातली बंदूक कुणाच्या जिवावर उठली तर? सुंदरेनं कबूल केलं, की ते भय तिलाही आहे. पण घरोघरी तिला दारातच अडवू लागले तर अडलेल्या बायकांचे जीव कुणाच्या माथी मारायचे?

मग खुद्द जमादाराची बायको बिलकिस अडली. सुंदरा उंबऱ्यावर आली आणि तिनं पदर ओढला.

“माझ्या घरी कशाला?” जमादार म्हणाला. “इथं काय लपवायचंय?”

“मंग उघडा की समदं.”

त्यानं कुलपं काढली, दोऱ्या सोडल्या. पलंगाखालच्या लहान पेटीशी मात्र त्याचा हात थबकला. बिलकिसनं आतून हाक घातली, तरी तो तसाच उभा. मग वळून त्यानं सुंदरेकडे पाहिलं. पदर हनुवटीखाली होता, मूठ घट्ट होती.

तेव्हा त्यानं पेटी उघडली.

मुलगी झाली. पेटीत काय होतं, ते सुंदरेला मरेपर्यंत कळलं नाही. तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही पुन्हा कधी तिला कुणाच्या घरचं विचारलं नाही.