अख्खं पान

दावणगेरेजवळच्या हळेकट्टे गावची अंगणवाडी नागवेणी टीचर चालवायची. बाई तोंडाची फटकळ, पण पोरांवर जीव टाकणारी. शांतव्वाच्या मंजूला फिट आली तेव्हा बस मिळेना, म्हणून पोरीला खांद्यावर टाकून ती भर उन्हात दवाखान्यापर्यंत धावत गेली होती.

पुढे पोरांना द्यायची अंडी नासकी यायला लागली. तिनं ती परत पाठवली, तरी तोच प्रकार. शेवटी तिनं तालुक्याला तक्रार केली. लगेच एका स्थानिक बातम्यांच्या वेबसाइटवर तिचा फोटो झळकला. टीचर पोरांची अंडी विकते आणि अंड्यांच्या गाडीवाल्याशी तिचं सूत आहे, असं छापलेलं. खाली कमेंटांचा पाऊस.

तिचा नवरा वीरभद्र भाताच्या गिरणीत हमाल. त्या रात्री तिनं वाढलेली रोट्टी त्यानं बाजूला सारली.

नागवेणीनं मोबाइलवर त्या बातमीचे स्क्रीनशॉट काढले आणि ठाणं गाठलं. हवालदारानं ते बोटानं इकडंतिकडं सरकवले.

"टीचर, हे तुकडे झाले. मधलं काय गाळलंय, मला काय ठाऊक? अख्खं पान आणा, वरच्या पत्त्यापासून पार तळापर्यंत. आणि बिगीनं आणा. त्यांनी पुसून टाकलं तर मी काय हवेवर गुन्हा नोंदवू?"

बसस्टँडाजवळ मुबीनाचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अख्ख्या पानाचा एकच फोटो निघतो की, अक्का. पण खाली सरकवल्याशिवाय कमेंटा उघडत नाहीत. सगळ्या उघडायच्या, मगच फोटो. तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या. मी करते."

"माझ्यावरच लिहिलंय ना? मग मीच बघते."

मुबीना पान खाली खाली ओढत गेली. एकानं तिच्या पातळावर लिहिलं होतं, एकानं तिच्या नवऱ्याच्या मर्दपणावर. बरीचशी नावं गावातलीच. नागवेणी पापणी न हलवता वाचत होती. मग मंजूचा हसरा फोटो आला, त्यापुढं शांतव्वाचं नाव: 'हिच्या हातचं खाऊनच माझ्या पोरीला फिट येते. हाकला हिला.'

"थांब जरा," नागवेणी म्हणाली. तिला पाणी द्यावं लागलं.

"ओळखीची आहे? एवढी एक ओळ उडवू? कुणाला पत्ता लागणार नाही."

नागवेणीनं मंजूच्या फोटोकडं एकदा बघितलं. "नको. एक ओळ काढली तर त्यांचा वकील म्हणेल, बाकीचंही हिनंच रचलं."

फोटो निघाला. कागदावर छापला तर मुंग्यांच्या रांगेसारखा, एक अक्षर लागेना. म्हणून मुबीनानं तो पेनड्राइव्हमध्ये घालून दिला.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवरून ते पान गायब झालं होतं; पण फोटो ठाण्यात पोचला होता. गुन्हा नोंदला गेला. वेबसाइटवाला तिप्पेश दोन पुढाऱ्यांना मागं घेऊन आला, माफीचा कागद दिला, आणि चहा पिऊन घरी गेला. मग खालच्या कमेंटांतल्या नावांची पाळी आली. मजुरी बुडवून बाया दिवसभर ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिल्या.

शांतव्वा नागवेणीला बघून रडायला लागली. "सगळे लिहीत होते, टीचर. मोबाइल हातात होता, मीबी लिहिलं."

नागवेणी आत गेली. "सायब, हिला तेवढं सोडा."

"फोटो तुम्हीच दिलात ना? आता मी कुणाला वगळू अन् कुणाला धरू?"

त्या दिवसापासून अंगणवाडीत पोरं यायची बंद झाली. नागवेणी भात शिजवायची, उंबऱ्यात उभी राहून हाका मारायची, आणि शेवटी भात गाईला घालायची. रस्त्यावरून मंजू एकदा 'टीचर' म्हणून ओरडली, तर आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. लोकांची नाराजी आहे, असं कारण देऊन वरच्यांनी नागवेणीची बदली केली. अंडी त्याच गाडीतून येत राहिली.

नवं गाव दोन बस बदलून होतं. वीरभद्र तिच्यासोबत गेला नाही. पहिल्याच सकाळी एक बाई पोराला घेऊन दाराशी आली.

"अंडीवाल्या टीचर त्या तुम्हीच काय?"

"हो, मीच," नागवेणी म्हणाली, आणि पोराला घ्यायला तिनं हात पुढं केला.

बाईनं पोराला पदराआड घेतलं. आत आली नाही, गेलीही नाही. तशीच दारात उभी राहिली.