कोरं जॅकेट

लेकीने पहिल्या पगारातून मला जॅकेट आणलं. निळसर राखाडी, कमरेशी बेताचं, आणि इतकं हलकं की घडी करून पर्समध्ये मावावं. नोएडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आरशासमोर उभी राहून मी स्वतःवर खूशही झाले होते. मग ती कौतुकाने म्हणाली, की हे जुन्या कपड्यांच्या धाग्यांपासून बनवलंय, पूर्ण रीसायकल्ड.

मी ते तिथल्या तिथे उतरवलं. "जुनेर मी घालत नाही," असं म्हणाले.

तिला जुनेर हा शब्दच माहीत नव्हता. दिल्लीत वाढलेली मुलगी. तिच्या मराठीतून असे शब्द कधी गळाले कोण जाणे. कुणीतरी वापरून विटलेलं कापड, मी फणकाऱ्याने सांगितलं, आणि मला कोरंच लागतं. कोरा तिला फक्त कागद ठाऊक. तिने "अच्छा" म्हणून जॅकेट कपाटात टांगलं आणि पुढे दोन महिने तो विषय काढला नाही. माझा स्वभाव तिखट आहे, पण तिचं ते गप्प राहणं मला बोचत होतं. चूक मात्र कबूल करवत नव्हती.

लहानपणी आमच्याकडे नवा कपडा अंगात घालण्याआधी आई त्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावायची. माझ्या अंगावर कायम थोरल्या बहिणीचे उतरलेले फ्रॉक. मी बोटासाठी पुढे उभी राहिले की आई म्हणायची, याला गेल्या वर्षीच लावलंय की. म्हणून कमावती झाल्यावर मी हौस भागवून घेतली. लेकीच्या शाळेच्या स्वेटरला, जीन्सला, सगळ्याला कुंकू. ती हसायची. त्यामागचं कारण मी तिला कधीच सांगितलं नाही.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींची बस पानिपतला, लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाला, काला अंबला निघाली. आम्ही दोघीही गेलो. गावाच्या अलीकडे बस जरा थांबली, तर बाजूच्या आवारात जुन्या कपड्यांचे ढीग होते; लालात लाल, निळ्यात निळे. बायका बसून बटणं, चेन कापून काढत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, इथे हे सगळं फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात. मी त्या ढिगांकडे बघत राहिले. तो फ्रॉक होता की सदरा, सूत झाल्यावर कोण सांगणार होतं? लेक माझ्याकडे बघत होती.

स्मारकापाशी धुकं होतं आणि वारा शालीला जुमानत नव्हता. मला हुडहुडी भरली. तिने बॅगेतून जॅकेट काढून पुढे धरलं. या खेपेला मी घेतलं. चेन लावायला खालची कड उलटली, तर आतल्या बाजूला, लेबलशेजारी, वाळलेला लाल ठिपका.

"हे कधी लावलंस?"

"आणलं त्याच दिवशी," ती म्हणाली. "नवीन होतं ना, आई."

मला रडू आलं, आणि तिथे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. काला अंबला येऊन बरेच जण रडतात.