आत सोडलेली माया

सगळी गल्ली तिला टाचणी म्हणे. दुकानात कपडा अंगावर बसवताना तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढल्या की जीभ त्याहून जास्त टोचे. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाच्या कमरेचं माप ती नुसत्या नजरेनं सांगायची. "कोटाचं बटण रडतंय तुमच्या, पुसा त्याचे डोळे," असं गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायची आणि गिऱ्हाईक हसत कोट काढून द्यायचं.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास ती लग्नाआधीपासून धरत आली होती. दिवसभर नुसतं पाणी, संध्याकाळी साधं जेवण. पोटाला तिच्या तो कधी जड गेला नाही. जड जायचा मनाला. गुडघे टेकले की मन दुकानात पळे. कुणाची बाही आखूड झाली, कुणाची काजं राहिली. "शरीर देवापुढे आणि चित्त दुकानात, हा उपास नव्हे, ही उपासमार," असं फादर प्रवचनात म्हणाले, ते तिला वाटलं आपल्याकडेच बघून म्हणाले. यंदा मन तसूभरही हलू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. दुपारी दुकान बंद करून ती मागच्या खोलीत दार लावून बसू लागली.

घरात दुसरं माणूस म्हणजे लेक. शाळेच्या शेवटच्या वर्षातली, गोल गालांची, नवरा गेल्यापासून टाचणीची तेवढीच सोबत. उपासाच्या पहिल्याच आठवड्यात टाचणी प्रार्थना सोडून तणतणत बाहेर आली.

"तुझा तो कुरुमकुरुम आवाज भिंतीतून येतो! माझं सगळं ध्यान तुझ्या जबड्यात अडकतं. जन्माला काय देवाला पोट दाखवायला आलीस?"

लेकीनं अर्धं बिस्कीट बशीत ठेवलं. "मग मीपण करू उपास?"

"तू? तुझ्यानं घास सुटायचा नाही."

"सुटेल."

"कर मग. पण मिरवायचं नाही. तोंड स्वच्छ धुवायचं, केसांना तेल लावायचं, हसत राहायचं. उपास दुसऱ्याला कळला की फुकट गेला."

पोरगी आईच्या हातची होती, टाका चुकवणारी नव्हती. संध्याकाळी ती आपलं ताट स्वयंपाकघरात घेऊन जाई आणि घासूनपुसून परत आणी. "जेवलीस?" "जेवले." टाचणी मान खाली घालूनच विचारायची, कारण नजर भटकली की मन भटकतं.

ईस्टरला चर्चमध्ये लेकीचं दृढीकरण होतं, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी, त्यासाठी टाचणी पांढरा ड्रेस शिवत होती. वाढत्या अंगाचा कपडा म्हणून शिवणीच्या आत तिनं जास्तीचं कापड सोडलं होतं. शिवणकामात त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर शिवण उसवायची आणि माया सोडायची. पण पहिल्यांदा अंगावर घालून बघितला तेव्हाच ड्रेस कमरेला ढगळ झाला. टाचणीनं तो आत घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा ढगळ. पुन्हा आत घेतला. शिवणीत माया साठत गेली, जाड, टोचणारी. हातांना सगळं कळत होतं. ओठांत टाचण्या होत्या.

"आई, आत काचतंय."

"मायाच आहे ती. काचू दे."

टाचणीची धाकटी बहीण एकदा येऊन गेली. भाचीच्या हनुवटीला हात लावला आणि सरळ दुकानात शिरली. "ताई, पोरीकडे बघितलंस का?"

"उपासात मी इकडेतिकडे बघत नाही."

"गिऱ्हाइकांच्या मापासाठी डोळ्यांत तेल घालून बसतेस, आणि पोरीच्या नुसत्या केसांत?"

"स्वतःच्यानं एक दिवस निभत नाही, म्हणून तुला दुसऱ्याची शिस्त खुपते." टाचणीनं दार दाखवलं. बहीण रडत गेली. टाचणीला वाटलं, परीक्षा होती, आपण उतरलो.

त्यानंतरच्या शुक्रवारी प्रार्थना जशी हवी तशी लागली. बाही नाही, काजं नाही, काही नाही. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"आई."

ती हलली नाही. मोहाला आवाज असतो आणि तो आपल्या माणसाचाच असतो, हे तिनं ऐकलं होतं.

"आई, ड्रेस घालून बघितला, बटणं काढून दे ना. हात वर होत नाहीयेत."

मग काहीतरी घासत खाली गेलं. टाचणीनं डोळे घट्ट मिटले. शेवटच्या आमेनपर्यंत तिचं मन एकदाही हललं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आनंदानं उठून तिनं दार लोटलं, तर ते अर्ध्यातच अडलं. पलीकडे लेक पडली होती.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं पांढरा ड्रेस कात्रीनं उभा कापला. "ही कधीपासून जेवली नाही?" डॉक्टरांनी विचारलं. ड्रेस किती रविवार आत घेतला, ते टाचणी बोटांवर मोजू लागली. खाटेवरून बारीक आवाज आला, "आई, सांगू नको. फुकट जाईल."

ईस्टरच्या सकाळी बहिणीनं पेज आणली. ती टाचणीशी बोलली नाही. डबा ठेवला आणि बाहेर जाऊन बसली. चर्चची घंटा खिडकीतून ऐकू येत होती.

"संपला गं उपास, बाळा," टाचणी चमचा पुढे करत म्हणाली. "देवानंच सोडवला. एक घास. माझ्यासाठी."

लेकीचे ओठ मिटलेले होते, आईच्या ओठांत टाचण्या असताना मिटत तसे. तोंड धुतलेलं होतं. केसांना तेल होतं. आज ते टाचणीनंच लावलं होतं. चमचा ओठांना टेकला आणि पेज चादरीवर सांडली.

लेक हसली. "जेवले मी, आई."

टाचणी आता डोळे उघडे ठेवून बघत होती. खांदा, मनगट, गळ्याची हाडं. टेप लागत नव्हती; नजरेनंच माप कळत होतं, आणि आत घ्यायला कुठे काही उरलं नव्हतं.