माझ्या कार्टूनमधला बाप

मी लिहिते त्या कार्टून मालिकेत एक निवृत्त सरकारी अधिकारी आहे. तो वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करतो, पाहुण्यांना चहा विचारताना घड्याळ बघतो आणि बायकोने तोंड उघडलं की म्हणतो, "मुद्द्याचं बोल." मालिका मोठ्या माणसांसाठी आहे, शिव्यांनी खच्चून भरलेली आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे वडील. हे फक्त मला ठाऊक होतं.

चोरी तिथेच थांबली नाही. चित्रं हलवण्याआधी संवाद कच्च्या आवाजात भरून ठेवावे लागतात, म्हणजे ओठ किती वेळ हलवायचे ते कळतं. त्या माणसाचा कच्चा आवाज मीच भरला, बाबांची हुबेहूब नक्कल करून. नंतर आलेल्या नटाने तीच उचलली, खाकरण्यासकट. स्टुडिओत सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि मग दिवसभर मला काही खाववेना.

घरी मी एवढंच सांगितलं होतं, "कार्टून लिहिते." पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या बाबांच्या लेखी कार्टून म्हणजे पोरासोरांचं. मी तो समज मुद्दामच राहू दिला.

शनिवारी दुपारी हिंजवडीहून कंपनीच्या बसने निघाले आणि बाबांचा फोन आला.

"सोसायटीतली मुलं बोलावलीयेत. तुझं कार्टून दाखवतोय. आईने चिवडा केलाय."

"बाबा, लावू नका! ते मुलांचं नाहीये."

"कार्टून मुलांचं नाही, मग काय माझं आहे?" त्यांनी फोन ठेवला.

पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बस पुलाखाली जी थांबली ती थांबलीच. मी उठले, बसले, पुन्हा उठले. खरं सांगायचं तर मुलांची मला फारशी काळजी नव्हती. शिव्या त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. भीती एकच होती, बाबा स्वतःला ओळखतील. सत्तरीच्या माणसाला त्याच्याच दिवाणखान्यात, शेजारच्या पोरांसमोर मी हास्यास्पद करणार होते. स्वतःचाच राग येत होता.

"मी इथेच उतरू का?" ड्रायव्हरला विचारलं.

"उतरा की. चालत गेलात तर उद्यापर्यंत पोचाल."

तरी उतरले. रिक्षा मिळेपर्यंत तीच बस माझ्या समोरून निघून गेली.

घरी पोचले तर दारात एकही चप्पल नव्हती. टीपॉयवर चिवड्याच्या अर्धवट बश्या. पडद्यावर माझा अधिकारी तोंड उघडं टाकून थिजलेला. बाबा ताठ बसले होते. आईच्या हातात रिमोट होता, आणि आमच्या घरात तो तिच्या हातात मी कधी पाहिला नव्हता.

"पहिल्या शिवीलाच मुलांना घरी पाठवलं," बाबा म्हणाले. "अशा गोष्टींची पूर्वसूचना द्यायची असते."

"मग बंद का नाही केलं?"

"ही करू देईना. चार भाग झाले." ते खाकरले आणि मध्येच थांबले. "खाकरणं जरा जास्त दाखवलंयस."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"तिसऱ्या भागात ती बायको त्याला म्हणते, 'पस्तीस वर्षं मुद्द्याचंच बोलतेय, तुम्ही कधी ऐकलं नाहीत.' हे तुला आईने सांगितलं?"

"नाही बाबा. मी लिहिलं, माझ्या मनाने."

ते आईकडे वळले. बहुधा ती हसून वेळ मारून नेईल अशी त्यांना आशा होती. मलाही होती.

"मी तिला एक अक्षर बोलले नाही," आई म्हणाली. "पण बरोबर लिहिलंय तिने."

आईने हातातला रिमोट पडद्याकडे रोखला, तिसरा भाग शोधून पुन्हा लावला, आणि आवाज वाढवला.