गणित संपेपर्यंत दार बंद

करी रोडच्या त्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. लावलंच, तर अर्धा मजला विचारत येतो, "काय गं, बरं हाय ना?" म्हणून अक्षताने जेव्हा सांगितलं, की परदेशी एमएसची प्रवेशपरीक्षा घरातूनच देणार, खोलीत एकटीने, दार बंद करून, तेव्हा तिच्या आजोबांना, आबांना, आधी ते पटेचना.

"दिवसाढवळ्या दार? लोक म्हणतील, म्हातारा गेला."

"आबा, मधे कोणी आत आलं तर परीक्षा तिथेच रद्द. कॅमेऱ्यातून बघत असतात ते."

झालं! रामदास आबांची जन्मभराची नोकरी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत. तिथला भुसा छातीत बसला, आणि तिथला दरारा आवाजात. आई हॉस्पिटलात ड्युटीला गेली, तसं आबांनी गॅलरीत स्टूल टाकलं आणि सुरू, "ए शकू! कुकर बंद. हिकडं फिरकायचं नाय. आमच्या अक्षीचं गणित हाय!"

भिंतीपलीकडून शकूमावशी कडाडली, "अगो बाय माझे! गणित आसा की बाळंतपण?"

आत स्क्रीनवरचा माणूस नाकातून बोलत होता, "शो मी अंडर द टेबल, प्लीज." अक्षताने टेबलाखालचं दाखवलं, मोरी दाखवली, बाबासाहेबांच्या फोटोची भिंत दाखवली, फळी दाखवली. फळीवर आबांचा दम्याचा पंप होता. कॅमेऱ्याने तो पाहिला. तिनेही पाहिला. आणि परीक्षा सुरू झाली.

गणिताच्या भागात दोन रकमा देतात आणि मोठी कुठली ते विचारतात. अक्षताचा हात बसलेला होता. तेवढ्यात बाहेर खोकला आला. आबांचे खोकले तिला पाठ. पाहुणे आल्यावरचा वेगळा, चहाला उशीर झाल्यावरचा वेगळा. हा त्यातला नव्हता. याच्या शेवटी शिट्टी वाजत होती.

मग दारावर टकटक. नखाने, हळू. बेल वाजवली तर परीक्षेला ऐकू जाईल, अशा बेताने.

"अक्षे..."

दार चार पावलांवर, फळी हाताच्या अंतरावर. उघडलं, की एमएस संपलं. जरा थांबतील, हे एवढं झालं की उठते, असं मनाशी म्हणत तिने पुढचं गणित उघडलं. ते सोडवलं. बरोबर सोडवलं. त्याच्या पुढचंही.

बाहेरचा खोकला थांबला. मग तर तिला उठवेचना.

परीक्षा संपली. गुण लगेच स्क्रीनवर आले, गणितात एकशे सदुसष्ट. तिने पंप उचलला आणि दार उघडलं. स्टूल आडवं पडलं होतं. आबांची एकच चप्पल तिथे होती.

खालच्या डॉक्टरांकडे आबा नाकातोंडावर वाफेचा मास्क लावून बसले होते. शेजारी शकूमावशी, हाताला पीठ तसंच.

"तुझो आजो म्हणालो होतो, पाय बाहेर ठेवू नको," ती म्हणाली. "पण तो खोकलो माका गप बसाक देयना."

आबांनी मास्क खाली केला. "किती?"

"एकशे सदुसष्ट."

"कितीतले?"

"एकशे सत्तर."

"मग तीन गेले कुठं?" आबा हसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्यापायीच गेले असतील. दाबत होतो गं खोकला. त्यात मेला हात पण गेला दारावर. घाबरलो."

ऐकलं म्हणावं, तर ते तीन मार्क आबा मरेपर्यंत छातीवर वागवणार. आणि नाही म्हणावं, तर...

"मला काही ऐकू नाही आलं, आबा. खोकला नाही, टकटक नाही. ती तीन गणितं मला येतच नव्हती."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

आबांचा चेहरा असा उजळला, की अक्षताला बघवेना. "बघ शकू! दार ठोकलं तरी पोरीला पत्ता नाय. ह्याला म्हणतात ध्यान!"

शकूमावशीने कपाळाचा घाम पिठाच्याच हाताने पुसला. तिच्या घरात चमचा पडला तर अक्षताच्या घरात कळतं. तिने आधी अक्षताच्या मुठीतल्या पंपाकडे पाहिलं, मग अक्षताकडे.

"तर काय!" ती म्हणाली. "आमच्या चाळीत कोणाक काय आयकाक येता!"